म्हातारपणी चालते-फिरते राहण्यासाठी: खेड्यात नव्याने काळजी घेणाऱ्यांना पायरीपायरीने मार्गदर्शन

विदर्भातल्या खेड्यात माणूस निवृत्त होत नाही. वावरात जाणे, ढोरांना पाणी दाखवणे, कापूस वेचणे, धानाची रोवणी करणे हे सारे हातपाय चालतील तोवर चालू राहते आणि बहुधा एखाद्या मोठ्या तापानंतर, पडल्यानंतर किंवा ‘आता तुम्ही नुसतं बसा’ असे मुलाने मायेने सांगितल्यानंतर एकाएकी थांबते. त्यानंतरच्या काही महिन्यांत घरात काय घडते यावर त्या माणसाची पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. ज्यांच्या अंगावर घरातील वडीलधाऱ्यांची जबाबदारी नव्याने आली आहे असे मुलगे, सुना, लेकी आणि नातवंडे, तसेच नव्याने काम सुरू केलेल्या आशाताई यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. त्यातल्या प्रत्येक पायरीमागे एकच भूमिका आहे: जे काम वडीलधाऱ्यांना थोड्याशा सोयीने स्वतः करता येईल, ते आपण त्यांच्या हातातून काढून घेऊ नये.

ही भूमिका केवळ भावनेची नाही. धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेला एक अभ्यास अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एवढ्या थोड्या दिवसांत त्यांच्या पायांतील स्नायूंचे सुमारे एक किलो वजन घटलेले आढळले. तरुण माणूस असे नुकसान लवकर भरून काढतो, सत्तरीच्या माणसाला मात्र ते भरून काढायला फार कष्ट पडतात. म्हणून आरामाचा सल्ला देण्यापूर्वी आराम कशासाठी आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पहिली पायरी: काय जमते ते नीट पाहणे

सुरुवात उपायांनी करू नये, पाहणीने करावी. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली स्वावलंबन मोजण्यासाठी सहा कामांची यादी मांडली, जी आजही जगभर वापरली जाते: आंघोळ करणे, कपडे घालणे, शौचाला जाऊन येणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे-बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६९ साली त्यापुढच्या, घराबाहेरच्या जगाशी जोडलेल्या आठ कामांची दुसरी यादी आली. तीत फोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, वेळेवर औषधे घेणे आणि पैशाचा व्यवहार येतो. बहुधा दुसऱ्या यादीतली कामे आधी सुटतात आणि पहिलीतली नंतर. त्यामुळे आबाजी बँकेत एकटे जाईनासे झाले किंवा आजी भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या, की ती सूचना समजावी.

या याद्या आपल्या घरात वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्या पुरुषाने जन्मात चूल पेटवली नाही त्याला ‘स्वयंपाक जमत नाही’ असे लिहिण्यात अर्थ नाही. त्याऐवजी रेशन दुकानातून धान्य आणणे, अंगठा लावून पैसे काढणे, गोळ्यांची पट्टी ओळखणे ही त्याची नेहमीची कामे तपासावीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या याद्या खुर्ची आणि पलंगाच्या देशात तयार झाल्या. आपल्याकडे जमिनीवर बसून जेवणे, भजनाला मांडी घालणे, उकिडवे बसून शौच करणे आणि तिथून आधाराशिवाय उठणे हेच रोजचे जगणे आहे. म्हणून ‘जमिनीवरून उठणे’ हे सातवे काम मी आवर्जून जोडतो, कारण खेड्यातल्या माणसाचा ताबा सर्वांत आधी याच ठिकाणी सुटतो असे दिसते.

विचारताना ‘जमतं का?’ असे विचारले तर मान राखण्यासाठी ‘जमतं’ हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा चार-आठ दिवस शांतपणे पाहावे. कोणते काम वडीलधारी स्वतः करतात, कोणते काम त्यांना करता येते पण कोणी करू देत नाही, आणि कोणते खरोखर होत नाही, अशा तीन रकान्यांत वहीत लिहावे. मधला रकाना बहुतेक घरांत सर्वांत मोठा भरतो, आणि तुमच्या कामाची सुरुवात त्याच रकान्यापासून व्हायला हवी.

दुसरी पायरी: पायांची ताकद मोजणे

यासाठी मोबाइलमधले घड्याळ, टेकूची एक घट्ट खुर्ची आणि अंगणातली थोडी सपाट जागा पुरते. प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवावी, कारण ती मागे सरकली तर तपासणीतच माणूस पडेल. दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवायला सांगावे आणि सलग पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला लावावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या प्राथमिक तपासणीत यासाठी १४ सेकंदांची मर्यादा धरली आहे. त्याहून जास्त वेळ लागला किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर पायांकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे.

दुसऱ्या तपासणीत खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमीची चप्पल आणि काठी असेल तर ती वापरू द्यावी. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. वेळेइतकेच वळण्याकडे लक्ष ठेवावे, कारण भिंतीला हात लावून, अनेक लहान पावले टाकून वळणारा माणूस रात्रीच्या अंधारात तसेच वळताना पडतो. तपासणीच्या वेळी तुम्ही हाताच्या अंतरावर उभे असावे. आकडे तारखेसह लिहून ठेवावेत आणि दर महिन्याला त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजावे.

तिसरी पायरी: ‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी कारण शोधणे

पाय अडखळण्यामागे वयाखेरीज कारण असते आणि त्यातली अनेक कारणे दुरुस्त होणारी असतात. मोतीबिंदू हे त्यातले पहिले. उंबरठा न दिसणाऱ्या माणसाला पायांचे व्यायाम शिकवण्यात हशील नाही. सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून ही शस्त्रक्रिया मोफत होते. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, हिमोग्लोबिनही पाहायला सांगावे. रक्तदाब एकदा पडून राहिल्यावर आणि पुन्हा उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजण्याची विनंती करावी. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर पहाटे बाजेवरून उठताना येणाऱ्या चकरेचे कारण तिथेच सापडते आणि बऱ्याचदा गोळ्यांचे प्रमाण किंवा वेळ बदलल्याने प्रश्न सुटतो.

घरातल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओताव्यात. गुडघेदुखीसाठी पुडीतून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्यांबाबत मला विशेष काळजी वाटते. त्यांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवस फार बरे वाटते आणि पुढे हाडे व मांडीचे स्नायू झिजतात. वेदनाशामके रोज घेतली तर मूत्रपिंड आणि जठर यांना इजा होते. नाव माहीत नसलेली गोळी घरात ठेवू नये, एवढा नियम पाळावा.

आपल्या भागाची स्वतःची काही कारणेही आहेत. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ खाल्ली जाते. दुष्काळात किंवा हलाखीत ती बराच काळ मुख्य अन्न झाली तर पाय ताठ होऊन कायमचे अधू होऊ शकतात, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अशा गावात अनेकांची पाठ आणि सांधे ताठरलेले दिसत असतील तर ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागावा. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. वर्षानुवर्षे खर्रा चघळल्याने तोंडाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सोसत नाही, मग भाकरी सुटते आणि अंगातली ताकद ओसरते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील तर दंतवैद्याला दाखवणे पुढे ढकलू नये.

मन खचल्यानेही माणूस बसून राहतो. जोडीदार गेल्यानंतर किंवा धाकटा मुलगा पुण्याला गेल्यानंतर चालणे कमी झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

चौथी पायरी: उलंगवाडीनंतरचे (कापसाची वेचणी संपल्यानंतरचे) महिने सांभाळणे

‘जन्मभर वावरात राबलो, आता व्यायाम कशाला?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल आणि त्याचे उत्तर आदराने द्यावे. शेतकामाने दम टिकतो, पाठ वाकते, हात चालतात. तोल सांभाळण्याचा आणि मांडीचा सराव मात्र त्यात पुरेसा होतोच असे नाही. शिवाय हे काम हंगामी आहे. शेवटची वेचणी झाली, तूर घरात आली, हरभरा-गहू निघाला, की पावसाळ्यापर्यंत वृद्धांना फारसे काम उरत नाही, आणि नेमके त्याच काळात पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जात असल्याने ते दिवसभर ओसरीत पडून असतात. जूनमध्ये पुन्हा वावरात उतरताना बांधावरून पाय घसरतो तो या रिकाम्या महिन्यांमुळे, असे माझे मत आहे. त्यामुळे घरातला सराव फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा सराव करावा. हा आकडा पाहून घाबरू नये. अजिबात न करण्यापेक्षा थोडे करणे केव्हाही बरे, असे त्याच शिफारशी सांगतात.

मुख्य सराव खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा आहे. सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच वेळा, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन. बसताना धपकन न बसता हळूहळू खाली यावे, कारण ताकद उठण्याइतकीच या सावकाश बसण्यातून मिळते. सलग दहा वेळा सहज होऊ लागले की एक हात सोडावा, पुढे दोन्ही. दुसरा सराव घराच्या खांबाला किंवा ओट्याला धरून टाचा उचलण्याचा, आणि तिसरा तसेच धरून एक-एक पाय बाजूला नेण्याचा. तोलासाठी भिंतीच्या कडेने एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालावे. भिंत आणि तुम्ही अशा दोघांच्या मधून त्यांना चालू द्यावे. मांडीत दुसऱ्या दिवशी थोडे दुखणे चालते. छातीत दाब, धाप, चक्कर किंवा सांध्यात टोचणारी कळ आली तर लगेच थांबावे. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चालणे सकाळी ऊन चढण्यापूर्वी व्हावे. देवळापर्यंत, पारापर्यंत, शेजारच्या वाड्यापर्यंत असे ठरलेले ठिकाण असेल तर ते टिकते.

जमिनीवरून उठण्याची रीत मात्र स्वतंत्रपणे शिकवावी, तीही पडण्यापूर्वी. सतरंजीवर झोपलेल्या स्थितीतून आधी कुशीवर वळावे, हात टेकून चार पायांवर यावे, रांगत बाजेपर्यंत किंवा खुर्चीपर्यंत जावे, तिच्यावर दोन्ही हात ठेवावेत, जो पाय बळकट आहे त्याचा तळवा पुढे जमिनीवर रोवावा आणि हातांवर जोर देत उठून बसावे. ही रीत अंगवळणी पडलेली असेल तर पडलेला माणूस तासन्‌तास एकटा पडून राहत नाही. गुडघ्यांना फार त्रास असणाऱ्यांना ती जमणार नाही; त्यांच्यासाठी हाताशी शिटी किंवा मोबाइल असावा.

पाचवी पायरी: बाजेपासून संडासापर्यंतची वाट

घर दुरुस्त करायचे म्हणजे सारे घर पाडायचे असे नाही. रात्री बाजेवरून उठून संडासापर्यंत आणि परत, ही एक वाट आधी नीट करावी. रात्री दिवा बंद करून स्वतः त्या वाटेने चालून पाहावे, म्हणजे कुठे काय आडवे येते ते कळते. दाराजवळचा खतांचा पोता, गोठ्याची दावी, अंगणातली बंडीची जू, दगडी उंबरठा, न्हाणीपुढचे शेवाळ. वाटेवर एक लहान एलईडी दिवा रात्रभर जळत ठेवावा, आणि वीज जाते हे गृहीत धरून उशाशी बॅटरी असावी. पावसाळ्यात साप-विंचवासाठी ती तशीही लागतेच.

बाज झोळीसारखी खोल गेली असेल तर तिच्यातून उठणे तरुणालाही जड जाते. ती ताणून घ्यावी किंवा नवार बदलावी. बसल्यावर तळवे जमिनीला टेकून गुडघे काटकोनात येतील एवढी तिची उंची असावी; उंची वाढवण्यासाठी पायांखाली लाकडी ठोकळे खाच पाडून बसवावेत, सुट्या विटा ठेवू नयेत. न्हाणीत आणि संडासात भिंतीला लोखंडी पाइपचा दांडा पक्का बसवावा. त्यावर तुम्ही स्वतः पूर्ण भार टाकून पाहावे. गवंड्याने मातीच्या भिंतीत ठोकलेला दांडा पहिल्याच दिवशी निघून येतो, अशा भिंतीला लाकडी चौकट लावून त्यावर दांडा बसवावा. उकिडवे बसता येत नसेल तर भोक असलेली शौचाची खुर्ची संडासावर ठेवता येते. आंघोळीला घसरणारा पाट काढून रबरी बुडाचा स्टूल द्यावा. बादली भरून उचलायला लावू नये, पण रिकामी बादली आणि अर्धा गडवा त्यांच्याच हाती असू द्यावा. मागे पट्टा नसलेल्या, झिजलेल्या स्लीपर फेकून द्याव्यात.

सहावी पायरी: ताटात काय आहे

स्नायू टिकण्यासाठी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे या विषयातील तज्ज्ञांचे मत आहे; मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. ५० किलोच्या आजींना त्यानुसार ५० ते ६० ग्रॅम हवीत. दोन भाकरी आणि पातळ वरण एवढ्यावर दिवस काढणाऱ्या आजींना याच्या निम्मीही मिळत नाहीत. वरण घट्ट करावे, झुणका आठवड्यातून तीन-चार वेळा व्हावा, जमत असेल तर रोज एक अंडे आणि एक पेला दूध द्यावे, शेंगदाण्याचा कूट भाजीत सढळ हाताने घालावा. दात नसतील तर भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून द्यावी, पण दात नाहीत म्हणून नुसता भात किंवा चहा-टोस्ट देऊ नये. घरात शेवटी जेवणाऱ्या आजीच्या वाट्याला काय उरते, हे एकदा स्वतः पाहावे.

म्हातारपणी तहान कमी लागते. उन्हाळ्यात तहानेची वाट न पाहता दर दीड-दोन तासांनी पाणी किंवा ताक हातात द्यावे. रात्री उठावे लागू नये म्हणून अनेकजण दिवसभरच पाणी कमी पितात; त्यांना संध्याकाळनंतर कमी आणि सकाळी अधिक पिण्याची सवय लावावी.

सातवी पायरी: कामाची वाटणी

ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण इथे बदल घरातल्या तरुणांना करावा लागतो. लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या आईला कामाला लावले म्हणतील, या धास्तीने सुना त्यांच्या हातातला सूप काढून घेतात. घरातल्या सर्वांनी, वडीलधाऱ्यांसह, एकत्र बसून ठरवावे: धान्य निवडणे, भाजी तोडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, शेळ्या घराजवळ चारणे, नातवाला शाळेत पोहोचवणे, दुधाचा हिशेब ठेवणे यांपैकी काय त्यांचे राहील. त्यांचे म्हणून ठरलेले काम त्यांना वेळ लागला तरी त्यांनीच पूर्ण करावे. त्यांची सही, त्यांचे पासबुक आणि पेन्शनचा पैसा त्यांच्या ताब्यात असावा. बाहेर पडण्याचे कारणही हवे. ज्या गावांत श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते तिथे रोज चालत जाणे, सर्वांसोबत बसणे आणि उठणे हे आपोआप घडते.

आठवी पायरी: कागद

७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे तिकीट पडते. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळते. ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, शौचाची खुर्ची अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये खात्यावर देण्याची तरतूद आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. छळ, दुर्लक्ष किंवा कायद्याची माहिती यासाठी ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ आहे. आधारवरील जन्मतारीख चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी, कारण या सर्व ठिकाणी वय तिथूनच पाहिले जाते.

नववी पायरी: पडल्यावर आणि आजारपणानंतर

माणूस पडला तर घाईने ओढून उठवू नये. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, जांघेत कळ असेल किंवा पायावर भार टाकता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी. चोळणे, तेल लावणे, पाय ओढून बसवणे हे काहीही करू नये आणि १०८ ला फोन करावा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे दिसले तर ती वेळ लिहून ठेवावी आणि तत्काळ निघावे, कारण अर्धांगवायूवरचे काही उपचार पहिल्या काही तासांतच देता येतात. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात दाखवावे.

साधे पडणे असले तरी कुठे, किती वाजता आणि काय करताना ते वहीत लिहावे, आणि दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी पडण्यापूर्वी ती जागा दुरुस्त करावी. पडल्याच्या भीतीने चालणे बंद होते, त्यामुळे मोडतोड नसेल तर दुसऱ्याच दिवशी हात धरून अंगणात चार पावले चालवावे. दवाखान्यातून घरी आणताना सुट्टीच्या कागदावर ‘चालणे कधीपासून, किती भार देऊन’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि घरी आल्यावर दुसऱ्या पायरीतली खुर्चीची तपासणी त्यांनी परवानगी दिलेल्या दिवशी पुन्हा करून आकडा आजारापूर्वीच्या आकड्याशेजारी लिहावा. महिनाभरात तो जवळ येत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फिजिओथेरपी विभागात दाखवावे, आणि जाताना ती वही सोबत न्यावी.